जुन्या टर्बो जीपला इंटरकूलर बसवताना

जीपला इंटरकूलर बसवून मी गावात परतलो तो मे महिन्यातला दिवस होता. ग्रिलमागची ॲल्युमिनियमची जाळी पाहून शेजारचे काका म्हणाले, "कूलर बसवला म्हणता, मंग याच्यात पाणी कुठून टाकाचं बाप्पा?" मला हसू आलं, पण त्यांचा प्रश्न बरोबर होता. आपल्याकडे कूलर म्हटलं की वाळ्याची ताटी, पंप आणि टाकीतलं पाणी. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून त्या कूलरची हवा बाहेरच्या हवेपेक्षा थंड लागते. गाडीच्या इंटरकूलरात असं उडून जाणारं पाणी नसतं. बाहेर ४५ अंश असतील तर त्यातून निघणारी हवा ४५ च्या खाली येणार नाही, कितीही महागडा घ्या. हे आधीच सांगतो, कारण बसवून झाल्यावर "काही फरकच पडला नाही" म्हणणारे बरेच जण इथेच फसलेले असतात.

मग तो करतो काय? सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड कसं चटका देतं ते आठवा. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, तेच करतो, फक्त मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्या आसपास फिरून. उन्हाळ्यात ४५ अंशांची हवा टर्बोने १० पीएसआयने, म्हणजे ०.७ बारने दाबली की ती १२० ते १२५ अंशांवर जाते. तापलेली हवा पसरते, त्यामुळे सिलिंडरमध्ये प्रत्यक्षात कमी हवा मावते आणि डिझेल जळताना तापमान आणखी वर चढतं. बरा इंटरकूलर तीच हवा ७०-७५ अंशांवर आणतो. कागदावर हिशेब मांडला तर हवा १५ टक्के दाट होते. त्यातले ४-५ टक्के जाळीतून आणि पाइपांतून जाताना दाब घटल्याने जातात. हातात उरतात १० टक्के.

जुन्या, डिझेलचा पंप यांत्रिक असलेल्या गाडीत या १० टक्के जास्त हवेचा अर्थ १० टक्के जास्त ताकद असा होत नाही. किती डिझेल सोडायचं हे पंप स्वतःच्या स्क्रूने, गव्हर्नरने (इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेने) आणि बूस्टच्या, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेच्या, दाबाने ठरवतो, हवा दाट झाली हे त्याला कळतच नाही. तेवढंच डिझेल जास्त हवेत जळतं. त्यामुळे धूर कमी होतो, सायलेन्सरकडे जाणारा जाळ थंडावतो, आणि चढावर इंजिन ओरडत असलं तरी आतून भाजत नाही. पिकअप थोडा सुधारतो, थोडाच. मी इंटरकूलर बसवला तो चढावर आणि उन्हात इंजिन टिकावं म्हणून. ज्याला पळवायची हौस आहे त्याने हेच पैसे टायर आणि ब्रेकवर घालावेत.

आधी पाहा, गाडीत टर्बो आहे का

हसू नका. हा प्रश्न न विचारता इंटरकूलर विकत घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. महिंद्राच्या जुन्या एमएम ५४० मध्ये प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन आहे, त्याला टर्बो नाही. मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्याचं इंजिन असलेल्या कित्येक जुन्या ट्रॅक्सलाही नाही. अशा गाडीत हवा दाबली जात नाही, म्हणून तापतही नाही. तिथे इंटरकूलर म्हणजे हवेच्या वाटेत घातलेला अडथळा. दुसऱ्या टोकाला, पहिल्या पिढीच्या स्कॉर्पिओत इंटरकूलर कंपनीनेच इंजिनाच्या डोक्यावर बसवलेला आहे. बोनेटवरचं ते हवेचं तोंड शोभेचं नाही, खालच्या इंटरकूलरला वारा देण्यासाठी आहे.

हा लेख या दोहोंच्या मधल्या गाड्यांसाठी आहे: टर्बो आहे, इंटरकूलर नाही, पंप यांत्रिक आहे. सेन्सर आणि कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कॉमन रेल गाडीला यातलं बरंच लागू पडत नाही.

बसवण्याआधीची साफसफाई

आमचे मिस्त्री वऱ्हाडी माणूस. मी पहिल्यांदा विषय काढला तेव्हा त्यांनी इंटरकूलरचं नावही न घेता बोनेट उघडलं आणि म्हणाले, "भाऊ, आधी गाडीले नीट श्वास घेऊ द्या, मंग नवीन काही लावजा." पुढचे दोन दिवस त्यांनी जुन्याच वस्तू दुरुस्त केल्या. तेव्हा राग आला होता. पण तापण्याचा निम्मा त्रास त्या दोन दिवसांतच गेला.

पहिलं काम, एअर फिल्टर ते टर्बो हा पाइप काढून आतून बोट फिरवा. बोटाला बारीक माती लागली तर फिल्टरच्या बाजूने धूळ आत शिरते आहे. पांदण रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत हे सर्रास सापडतं. फिल्टरचं रबर, पाइपाची भेग, सैल क्लिप, जे असेल ते आधी दुरुस्त करा.

तो पाइप निघालेलाच आहे तर टर्बोचा पंखा बोटांनी हलवून पाहा. बाजूला किंचित हलला तर घाबरायचं कारण नाही, तेलाच्या थरासाठी तेवढी जागा ठेवलेलीच असते. पण आत-बाहेर हललेला जाणवला, किंवा पाती घराला घासल्याच्या खुणा दिसल्या, तर इंटरकूलरचा बेत तिथेच थांबवा. मरायला टेकलेला टर्बो तेल ओकतो आणि ते सगळं तेल तुमच्या नव्या इंटरकूलरमध्ये साठतं.

मग रेडिएटर. बाहेरची जाळी आणि आतला खार, दोन्ही. फॅनभोवतीचा प्लास्टिकचा किंवा पत्र्याचा घेर जागेवर आहे का तेही पाहा. जुन्या जीपांमध्ये तो तुटलेला किंवा कोणीतरी "नडतो" म्हणून काढून टाकलेला असतो. घेर नसला की फॅन रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी बाजूचीच गरम हवा गोल गोल फिरवत बसतो. समोर इंटरकूलर लावल्यावर तर या घेराशिवाय चालणारच नाही. याचं कारण पुढे येईलच.

जागा कोणती

तीन जागा असतात: रेडिएटरसमोर, इंजिनाच्या डोक्यावर, किंवा बाजूला चाकाच्या मडगार्डाजवळ.

डोक्यावर बसवला तर पाइप आखूड लागतात, पण बोनेट कापून हवेचं तोंड करावं लागतं. शिवाय गाडी उभी असताना किंवा पहिल्या गिअरमध्ये चिखल तुडवत असताना खालचं इंजिन त्याला उलट तापवतं. आपलं चालणं बहुतेक वेळा असंच हळू असतं. बाजूला बसवला तर जागा लहान, चिखल थेट अंगावर, आणि हवेसाठी वेगळा इलेक्ट्रिक पंखा लागतो.

म्हणून बहुतेक जुन्या जीपांना समोरची जागा सोयीची पडते. इंजिनाचा फॅन हवा ओढतोच, गाडी हळू असली तरी. किंमत एकच मोजावी लागते: इंटरकूलरमधून तापून निघालेली हवा पुढे रेडिएटरवर जाते. किती तापून? अडीच लिटरचं इंजिन २५०० फेऱ्यांवर पूर्ण ओझ्याने चढ चढत असेल, तर इंटरकूलर साधारण ४ किलोवॉट उष्णता बाहेर टाकतो. घरातले २००० वॉटचे दोन गीझर रेडिएटरसमोर धरल्यासारखं समजा. ठीकठाक रेडिएटर हे पेलतो. अर्धा बुजलेला, घेर नसलेला रेडिएटर वैशाखात पेलत नाही. एसीचा कंडेन्सरही समोरच असेल तर तिसरा थर होतो. अशा गाडीत मी समोरची जागा दोनदा विचार करूनच निवडेन.

इंटरकूलर निवडताना

ऑनलाइन सगळ्यात आधी दिसतात ते मोठे, ६०० बाय ३०० मिलिमीटरचे, ७६ जाडीचे. रेसिंगच्या पेट्रोल गाड्यांसाठी ते छान. आपल्या दोन-अडीच लिटरच्या डिझेलला एवढा लागत नाही, आणि तेवढी जाडी रेडिएटरचा वारा अडवते. लांब-रुंद पण पातळ घ्या. जाळीचा भाग साधारण ४५० बाय २०० ते २३० आणि जाडी ५० ते ६५ मिलिमीटर असला तरी पुरतो. घेण्याआधी ग्रिल काढून रेडिएटरपुढची मोकळी जागा टेपने मोजा, अंदाजाने नको.

जाळी दोन प्रकारची येते. एक जाड पट्ट्यांची, जड आणि मजबूत, दगड लागला तरी सहज फुटत नाही. दुसरी चपट्या नळ्या आणि पातळ पंखांची, कंपनीच्या गाड्यांत असते तशी, हलकी, आणि मागे रेडिएटरला हवा जास्त सोडणारी. उष्ण भागात हळू चालणाऱ्या गाडीला मला दुसरी बरी वाटते, समोर दगडापासून वाचवणारी ग्रिल असली तर. चिखलात आणि झुडपांत घुसणारी गाडी असेल तर पहिली.

नागपूर-अमरावतीच्या भंगारवाल्यांकडे अपघातातल्या गाड्यांचे इंटरकूलर मिळतात. स्वस्त पडतात, आणि कंपनीची वस्तू असते. पण तो कुठल्या गाडीतून निघाला हे विचारा. टर्बो फुटलेल्या गाडीचा असेल तर आत पात्यांचे बारीक तुकडे अडकलेले असू शकतात. उलटा करून, थापट्या मारून, पांढऱ्या कपड्यावर झटका. चमचमणारा एक कण जरी पडला तरी तो परत करा. असे कण धुऊन शंभर टक्के निघत नाहीत आणि पुढचा रस्ता सरळ सिलिंडरमध्ये जातो.

माझा घोटाळा इथेच झाला, वेगळ्या प्रकारे. इंटरकूलर चांगला होता, आत फक्त जुनं तेल होतं. मी तो रॉकेल-डिझेलने खळखळून धुतला, तासभर उन्हात ठेवला आणि घाईने बसवला. स्टार्टर मारला तसं इंजिन आपोआप रेस व्हायला लागलं. चावी बंद केली तरी थांबेना. कारण ते पंपातल्या डिझेलवर चालतच नव्हतं, जाळीच्या घड्यांमध्ये उरलेलं रॉकेल हवेबरोबर ओढून चाललं होतं. मिस्त्रींनी झटकन चौथा गिअर टाकला, ब्रेक दाबून धरला आणि क्लच सोडला, तेव्हा ते गुदमरून बंद पडलं. डिझेल इंजिन असं सुटलं की काही सेकंदांत स्वतःचा चुरा करू शकतं.

तेव्हापासूनचा माझा नियम: धुतल्यावर साबणाच्या पाण्याने पुन्हा धुवायचा, दोन्ही तोंडांतून कॉम्प्रेसरची हवा मारायची, आणि मग दोन दिवस उन्हात, तोंडं खाली करून. ऊन आपल्याकडे फुकट आहे.

पाइपांचा मार्ग

वेल्डरकडे जाण्याआधी हे घरीच करायचं काम आहे. इंटरकूलरच्या मापाचा पुठ्ठ्याचा डबा बनवा आणि तो जागेवर सुतळीने बांधा. मग प्लंबरकडचे दोन इंची पीव्हीसीचे बेंड आणि तुकडे आणून टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून मॅनिफोल्डपर्यंत (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांपर्यंत) मार्ग जुळवून पाहा. बोनेट बंद करून पाहा, स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा. चालत्या गाडीत मात्र पीव्हीसी अजिबात नको, गरम बाजूला तो मऊ होऊन निसटेल.

दोन-अडीच लिटरला ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंची पाइप पुरतो. यापेक्षा जाड पाइपात फायदा नाही, उलट भरायची हवा वाढते आणि टर्बोचा प्रतिसाद सुस्त होतो. वळणं जितकी कमी आणि जितकी मोठ्या गोलाईची, तितकं चांगलं. सायलेन्सरवाला पाइप वाकवून देतो, पण त्याच्या वाकवण्यात आतून सुरकुत्या पडतात. तयार गुळगुळीत बेंड आणून सरळ पाइपाला जोडून घेतलेले बरे.

पाइप ॲल्युमिनियमचा किंवा स्टेनलेसचा घ्या. साधा लोखंडी पाइप स्वस्त आहे, तालुक्याचा कोणताही वेल्डर जोडून देईल, पण एका पावसाळ्यात आतून गंजतो आणि गंजाचे पापुद्रे इंजिनात जातात. ॲल्युमिनियमसाठी आर्गॉन वेल्डिंग लागतं. ते गावात नसेल तर टॅक मारायलाही कोणाला देऊ नका, सगळे तुकडे मार्करने खुणा करून शहरात घेऊन जा. कोणता तुकडा कोणत्या कोनात बसतो त्याच्या रेघा दोन्ही तुकड्यांवर ओढा. मी एक रेघ विसरलो होतो, तो पाइप पुन्हा कापावा लागला.

वेल्डिंग झाल्यावर प्रत्येक टोकाला बाहेरून उभार कडा करून घ्या. हे अजिबात सोडू नका. नुसत्या गुळगुळीत टोकावर होज कितीही आवळला तरी दाब, उष्णता आणि तेलाचा ओलावा मिळून तो हळूहळू सरकतो आणि नेमका घाटात सुटतो. कडा असली की क्लॅम्प तिच्या मागे अडकतो. मग पाइपाच्या आतले वेल्डिंगचे मणी घासून काढा, ग्राइंडरची पूड धुऊन टाका, आणि बसवेपर्यंत दोन्ही तोंडं कापडाने बांधून ठेवा. उघड्या पाइपात कुंभारीण माशी एका दुपारीत मातीचं घर बांधते, हे ऐकीव सांगत नाही.

बसवणी

इंटरकूलर चेसिसला अडकतो, पाइपांची दुसरी टोकं इंजिनाला. चेसिस जागेवर असतं आणि इंजिन हलतं, जुन्या जीपमध्ये तर जोरात हलतं. इंजिन ज्यांवर टेकतं ते फाउंडेशनचे रबर दबून गेलेले असतील तर ते आत्ताच बदला. पाइप इंजिनाला जिथे मिळतो तिथे दोन्ही ठिकाणी होजचा जोड हवा, म्हणजे हालचाल रबर पचवेल. सरसकट कडक पाइप टाकला तर इंटरकूलरची टाकी जोडावर चिरते. पाइप आणि फॅन, बेल्ट, बोनेट यांत सगळीकडे दोन बोटं तरी जागा सोडा. एकाने हँडब्रेक आणि ब्रेक लावून पहिल्या गिअरमध्ये क्लच हळू सोडावा आणि दुसऱ्याने बाजूला उभं राहून इंजिन किती झुलतं ते पाहावं. समोर उभं राहायचं नाही.

इंटरकूलरचे पाय अँगलच्या तुकड्यांवर, मध्ये रबराचा बुश घालून कसा. रेडिएटरच्या जाळीला तो टेकता कामा नये. १० ते १५ मिलिमीटर अंतर ठेवा आणि कडेच्या फटी फोमच्या पट्टीने बुजवा. नाहीतर वारा सोपी वाट शोधून बाजूने निघून जातो.

होज सिलिकॉनचे, चार पदरी घ्या. टर्बोच्या बाजूला आतून तेल सोसणारा थर असलेले मिळाले तर ते, कारण साधं सिलिकॉन तेल पिऊन पाझरायला लागतं. रेडिएटरचा काळा होज इथे चालत नाही, दाबाने फुगतो. क्लॅम्प रुंद पट्टीचे, टी-बोल्टवाले. पेचकसाने आवळायची भोकांची क्लिप सिलिकॉनला कापते.

आणखी एक बारीक नळी पाहा, जी पंपावरच्या बूस्टच्या डबीला जाते. तुमच्या पंपाला ती असेल तर तिचा दाब इंटरकूलरच्या पुढे, मॅनिफोल्डमधून घ्यायचा. टर्बोच्या वेस्टगेटची (जादा दाब रोखणाऱ्या झडपेची) नळी मात्र मूळ जागेवरच राहू द्या.

उष्णता अडवणारं कापड गुंडाळायची हौस असेल तर योग्य पाइपाला गुंडाळा. टर्बोकडून येणारा पाइप उघडाच बरा, जाता जाता जेवढा थंड होईल तेवढा होऊ दे. इंटरकूलरकडून मॅनिफोल्डला जाणारा पाइप एक्झॉस्टजवळून जात असेल तर त्याला गुंडाळा. लोक बरोबर उलटं करतात.

हवा भरून तपासणी

पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबचा व्हॉल्व्ह आणा. पाइपाच्या मापाचं एक झाकण करून त्यात तो बसवा, दुसऱ्या टोकालाही झाकण. टर्बोपासून मॅनिफोल्डपर्यंतचा फक्त हा नवा मार्ग वेगळा बंद करून तपासा. मॅनिफोल्डला जोडूनच हवा भरली तर एखादा उघडा व्हॉल्व्ह ती सिलिंडरमध्ये सोडतो आणि तुम्ही नसलेली गळती शोधत बसता.

पायपंपाने १० ते १२ पीएसआय भरा, जास्त नको. झाकणं क्लॅम्पने नीट कसा आणि त्यांच्या समोर तोंड आणू नका, बारा पीएसआयनेही झाकण गोफणीसारखं उडतं. साबणाचा फेस प्रत्येक जोडाला आणि प्रत्येक वेल्डला लावा. बुडबुडे दिसतात तिथे खूण करा. दाब पाच मिनिटांत थोडा उतरला तर ठीक, डोळ्यांदेखत शून्यावर आला तर बसवू नका.

पहिला स्टार्ट

एक जाड लाकडी फळी हाताशी ठेवा, एअर फिल्टरपुढचं तोंड झाकेल एवढी. इंजिन सुटलंच तर ती फळी तोंडावर दाबायची. हात किंवा कापड कधीही नाही. कापड आत ओढलं जातं आणि हाताचं काय होईल ते लिहायला नको. शेजारी एकाने गिअर आणि क्लच सांभाळायला बसावं.

टर्बो काढून पुन्हा बसवला असेल तर डिझेल बंद करून, सोलेनॉइडची (डिझेल तोडणाऱ्या विजेच्या झडपेची) वायर काढून, दहा सेकंद नुसता स्टार्टर मारा म्हणजे टर्बोला तेल पोचेल. मग चालू करा, पाच-सात मिनिटं स्लोवर ठेवा, आणि हाताने एकेक जोड चाचपा. टर्बोकडचा पाइप तापणार, तो हाताला झोंबेल. पहिल्या २० किलोमीटरनंतर सगळे क्लॅम्प पुन्हा एकदा आवळा.

पंपाच्या स्क्रूला हात लावायचा का

गॅरेजमधलं कोणी ना कोणी म्हणेलच, "आता डिझेल थोडं वाढवून देतो." जास्त हवा आहे म्हणजे थोडं जास्त डिझेल जळू शकतं, हे खरं. पण ते मोजून करायचं काम आहे. टर्बोच्या आधी एक्झॉस्टमध्ये तापमान मोजणारा गेज बसवा आणि लांब चढावर तो ७०० अंशांच्या वर टिकू देऊ नका. गेज नसेल तर स्क्रू जिथे आहे तिथेच राहू द्या. काळा धूर निघतोय आणि गाडी "जोरात" वाटतेय, म्हणजे इंटरकूलरने वाचवलेलं सगळं तुम्ही पिस्टनच्या डोक्यावर जाळून टाकलं.

बूस्टचा एक साधा गेज मात्र बसवाच. हवा इंटरकूलरमध्ये शिरण्याआधी आणि तिथून निघाल्यावर, अशा दोन्ही ठिकाणी एकाच चढावर दाब मोजा. फरक दीड पीएसआयपेक्षा जास्त असेल तर कुठेतरी वाट अरुंद आहे, किंवा जाळी आतून तेलाने भरली आहे.

चढावर नेऊन पाहा

आमच्याकडे परीक्षेला परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट. चिखलदरा समुद्रसपाटीपासून ११०० मीटरच्या आसपास उंच, परतवाड्यापासून साधारण ७०० मीटरची चढण. सकाळी एकदा आणि भर दुपारी एकदा, त्याच गिअरमध्ये, त्याच वेगाने चढा. पाण्याच्या तापमानाचा काटा पूर्वीपेक्षा वर जात असेल तर इंटरकूलर रेडिएटरचा वारा खातो आहे: फटी, घेर, अंतर परत तपासा. काटा तसाच आहे आणि मागे धूर कमी आहे, म्हणजे जमलं.

गाडीत एक जादा होज, दोन क्लॅम्प आणि पाना ठेवा. एखादा होज सुटला की जोर एकदम जातो, मागे काळा धूर येतो आणि जोडातून फुस्स आवाज येतो. गाडी चालेल, पण इंजिन फिल्टरशिवायची हवा ओढू शकतं. पांदणीत तसं चालवत घरी येऊ नका. सावलीत उभं राहा, थंड होऊ द्या, तिथेच जोडा.

कागदपत्रं

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करण्यावर बंधन घालतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीला नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तपासणीला न्यावंच लागतं, तेव्हा बोनेट उघडलं जाणार आहे.

ऋतूप्रमाणे निगा

दिवाळीनंतर कापूस निघायला लागला की यवतमाळ-वणी-हिंगणघाट रस्त्यांवर बैलबंड्या आणि ट्रकमधून रुई उडते आणि थेट जाळीत बसते. पंधरा दिवसांत पांढरी गादी तयार होते. त्याआधी सोयाबीन काढणीचा भुसा असतोच. ग्रिलमागे एक मोठ्या भोकांची, काढता येणारी तारेची जाळी बसवली तर रुई तिच्यावर अडते. थांबलात की काढून झटकायची. मच्छरदाणीची बारीक जाळी लावू नका, ती वाराच अडवते.

धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारा, म्हणजे अडकलेलं बाहेर पडेल. प्रेशर वॉशर हातभर लांब धरा, नाहीतर पंख झोपतात. झोपलेले पंख प्लास्टिकच्या कंगव्याने उभे करता येतात. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातल्या मंडळींनी बोअरचं पाणी वापरू नये, जाळीवर मिठाचा थर चढतो आणि ॲल्युमिनियम खाऊन टाकतो. पावसाळ्यात काळी माती लागली तर ती ओली असतानाच धुवा. वाळली की ती सिमेंट होते.

इंटरकूलरच्या तळाला वेल्डरकडून एक छोटा ड्रेन बोल्ट, तांब्याच्या वॉशरसह, करून घेतला असेल तर दर इंजिन ऑइल बदलाला तो उघडा. चमचाभर तेल निघालं तर जुन्या इंजिनाचा ब्रीदर (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणारी नळी) थोडं सोडतोच, हे धरून चाला. अर्धा पेला निघाला तर पुढचा मोठा चढ चढण्याआधी टर्बो आणि ब्रीदर उघडून पाहा.